घरमालक, रेडिएटर आणि गारठलेली खोली: अनुभव धागा

थंड देशांत भाड्याने राहणाऱ्यांचे हीटिंगवरून मालकाशी खटके उडतातच. इथे गाऱ्हाणी नकोत. काय तपासायचं, काय लिहायचं, कुणाकडे जायचं तेवढं नेमकं सांगा. कायद्याचं लिहिताना देश किंवा शहर आधी लिहा.

नोंदवही

"घर फार गार आहे" एवढ्यावर कुणी हलत नाही, आकडे लागतात. थर्मामीटर खोलीच्या मध्यावर, जमिनीपासून साधारण मीटरभर उंच ठेवा. खिडकी, बाहेरची भिंत, रेडिएटर (गरम पाणी किंवा वाफ आत खेळवून खोली तापवणारं उपकरण) आणि ऊन यांपासून तो लांब हवा. खिडकीच्या कट्ट्यावर घेतलेलं तापमान मालक सहज उडवून लावतो. तारीख, वेळ, खोली, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि रेडिएटरचा नॉब कितीवर होता, असे सहा रकाने पाडा. शेवटचा बहुतेक जण गाळतात, आणि मालक नेमकं तेच विचारतो. आपोआप नोंद करणारा लॉगर असेल तर हीटिंग रात्री किती वाजता बंद होतं तेही आलेखात दिसतं.

गरम पाणी

गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर असेल तर तक्रारीआधी तो हाताने चाचपून पाहा, अर्धं निदान तिथेच होतं.

वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या, वरच्या कोपऱ्यातला ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) चावीने पाव ते अर्धा फेरा सैल करा. खाली फडकं धरा. फुसफुस थांबून पाणी आलं की आवळा. मग बॉयलरचा (पाणी तापवणाऱ्या यंत्राचा) दाब बघा: थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. हवा काढल्यावर थोडा उतरतोच. पण दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल (दाब सांभाळणारी छोटी टाकी) गेलंय, आणि ते काम मालकाचं.

वर गरम, पण खाली मधोमध गार म्हणजे गाळ साचलाय. त्याला फ्लशिंग (आतून धुऊन काढणं) लागतं, भाडेकरूने हात घालू नये. बाकीचे गरम आणि एकच ठार गार असेल तर बहुधा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोलीच्या तापमानाप्रमाणे आपोआप उघडमीट होणाऱ्या झडपेची) पिन अडकलेली असते. नॉब काढून पिन दाबा, ती स्प्रिंगने वर यायला हवी. पक्कडीने ओढू नका. पाणी सुटलं तर नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात. बॉयलरजवळचे कढत आणि लांबचे कोमट असतील तर बॅलन्सिंग (रेडिएटरांमधली पाण्याची वाटणी) बिघडलंय.

नॉब पडद्यामागे किंवा सोफ्यामागे दडला असेल तर आधी तो मोकळा करा. त्याच्याभोवतीची कोंडलेली हवा तापते आणि खोली ऊबदार झाली असं समजून व्हॉल्व्ह बंद होतो. यात मालकाचा दोष नाही.

कडाक्याच्या थंडीत कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) गुडगुडून बंद पडला तर बाहेर जाणारी प्लास्टिकची निचरा नळी गोठली असेल. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. मग रीसेट. पुन्हा पुन्हा होत असेल तर जाड नळी आणि इन्सुलेशन लेखी मागा.

वाफ (न्यूयॉर्क शहर)

वर लिहिलंय ते वाफेच्या रेडिएटरला लावू नका. एका नळीच्या वाफेच्या रेडिएटरची झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद हवी. अर्धवट ठेवली की आत जाणारी वाफ आणि परतणारं पाणी एकमेकांवर आदळतं आणि नळ्या ठणाणा वाजतात.

इथला नियम: १ ऑक्टोबर ते ३१ मे. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ फॅरनहाइटपेक्षा कमी असेल तर आत किमान ६८ हवं. रात्री आत किमान ६२, बाहेर कितीही असो. आधी मालकाला लेखी कळवा, नंतर ३११ (शहराचा तक्रारींचा फोन नंबर). तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि थंडी चालू राहिली तर पुन्हा नोंदवा. इन्स्पेक्टर आला तेव्हा कुणी दार उघडलं नाही तर तक्रार तिथेच अडकते.

इंग्लंड

१९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११: सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं मालकाचं कर्तव्य. घरातल्या बिघाडाबाबत ते साधारणपणे त्याला कळल्यापासून लागू होतं, म्हणून फोन झाला तरी त्याच दिवशी ईमेल टाका. गॅस असेल तर दर १२ महिन्यांनी तपासणी हवी, आणि तिची नोंद २८ दिवसांत भाडेकरूला मिळाली पाहिजे. मालक ढिम्म असेल तर कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) पर्यावरण आरोग्य विभाग गाठा आणि 'एक्सेस कोल्ड' (excess cold, अति थंडी) हा शब्दप्रयोग वापरा, त्यांच्या धोक्यांच्या यादीत तो आहे. भाडं अडवून धरू नका. थकबाकी झाली की बाजू मालकाची भक्कम होते.

जर्मनी

इथे नेमकं उलटं वाटेल. नागरी संहितेच्या कलम ५३६ प्रमाणे दोष असेपर्यंत भाडं कायद्यानेच कमी होतं, मात्र दोष कळवलेला हवा. किती टक्के, यावरच घोडं अडतं. जास्त कापलं आणि न्यायालयाने कमी मान्य केलं तर उरलेली रक्कम थकबाकी ठरते, आणि ती वाढली तर घर सोडायची पाळी येऊ शकते. म्हणून पूर्ण भाडं "हक्क राखून" असं लिहून भरा आणि फरक मागाहून मागा.

हीटिंगच्या बिलात ५० ते ७० टक्के वाटा प्रत्यक्ष वापरावर हवा. मीटर न बघता नुसतं क्षेत्रफळावर बिल आलं असेल तर सहसा आपल्या वाट्यातून १५ टक्के कापता येतात. हिशेब वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत यायला हवा. उशीर मालकामुळे झाला असेल तर वाढीव पैसे त्याला मागता येत नाहीत. बिल मिळाल्यावर हरकत घ्यायला तुम्हालाही १२ महिने मिळतात.

कोपऱ्यातली बुरशी

"तुम्ही खिडक्या उघडत नाही" हे मालकाचं ठरलेलं उत्तर. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ठेवा. हवा २० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ५० टक्के असताना भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांखाली गेला तर तिथे बुरशीला पोषक दमटपणा येतो. आर्द्रता आटोक्यात असूनही बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यातच बुरशी धरत असेल तर आधी इन्सुलेशनवर संशय घ्या. पहाटे इन्फ्रारेड थर्मामीटरने कोपरा आणि भिंतीचा मध्य दोन्ही मोजा, फोटो काढा.

तात्पुरता हीटर

१५०० वॅटचा हीटर १२ तास चालला तर १८ युनिट जातात. त्याचे पैसे कोण देणार ते हीटर लावण्याआधी ईमेलवर ठरवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. आणि ऊब यावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.