पुण्यातील सामूहिक छायाचित्रण-भटकंतीविषयी

प्रश्न: येत्या रविवारी कसबा पेठेतील तांबट आळी आणि महात्मा फुले मंडई येथे निघणाऱ्या छायाचित्रण-भटकंतीत मी प्रथमच सहभागी होणार आहे. माझ्याकडे साधा कॅमेरा आणि ५० मिमीची एकच लेन्स आहे. तेवढ्यावर भागेल का?

प्रतिसाद १: अवश्य भागेल, मात्र अरुंद आळीत मागे सरकायला जागा नसल्यामुळे अधिक रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमीची लेन्स मिळाल्यास अधिक सोयीचे होईल. मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोड्याने ठोके देण्याचे काम, टिपताना शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवल्यास हातोडा स्थिर दिसतो, आणि १/३० ठेवून कॅमेरा टेकवून धरल्यास त्याच्या घावाची गती चित्रात उतरते. मला स्वतःला हे दुसरे चित्र अधिक खरे वाटते.

प्रतिसाद २: कारागिरांची परवानगी आधी घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते त्यांचे कामाचे ठिकाण आहे, प्रदर्शन नव्हे. शक्य असल्यास काढलेले चित्र छापून त्यांना नेऊन द्यावे.

प्रतिसाद ३: १८८६ साली उभारलेल्या मंडईत सकाळी लवकर जावे, कारण तेव्हा उन्हाची तिरीप भाज्यांच्या ढिगांवर पडते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. परवानगीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आता आधी बोलेन, मगच कॅमेरा काढेन.