मदत हवी आहे: गवताळ तळ्यात बास बेडकावर झडप घालतो, पण गळाला लागत नाही

नमस्कार मंडळी,

लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशासाठी गरवणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. तळं गोड्या पाण्याचं आणि उथळ आहे, बहुतेक ठिकाणी दीड ते तीन मीटर खोल. उन्हाळा चढला की हायड्रिला आणि कूनटेल या पाणवनस्पती तळापासून वर येतात आणि पाण्यावर जाड थर धरतात. काठाच्या बाजूला कमळाची पानं आहेत. छोटी बोट असल्यामुळे कुठेही पोचता येतं. सध्या दुपारी वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं.

मोकळ्या पाण्यातली आमिषं इथे चालतच नाहीत. क्रँकबेटचे (माशाच्या आकाराच्या कडक आमिषाचे) तिहेरी गळ प्रत्येक फेकीला गवताचा भारा घेऊन येतात. म्हणून पोकळ रबरी बेडूक वापरतो. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे तो थरावरून न अडकता सरकतो. रॉड सात फुटी हेवी, रीलवर ५० पौंडी ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी.

बेडूक थरावरून हळूहळू ओढत आणतो आणि एखादं भोक आलं की तिथे थांबवतो. आधी शेजारच्या दोन-चार काड्या हलतात, मग थर खालून फुगतो आणि फाटकन फुटतो. त्याच क्षणी मी हिसका देतो. बेडूक तेवढा हवेतून माझ्याकडे येतो, नाहीतर तिथेच गवतावर उलटा पडलेला दिसतो. बहुतेक झडपा अशाच वाया जातात. मासा मोठा आहे हे फुटलेल्या थरावरून कळतं, म्हणून जास्तच हळहळ वाटते.

हिसका कधी द्यायचा? बेडकात किंवा दोरीत काही बदल करावा का? आणि झडप चुकल्यावर त्याच जागी पुन्हा टाकावं की पुढे जावं? अनुभवाचं असेल ते सगळं सांगा.

प्रतिसाद:

झडप दिसली की हात आपोआप वर जातो, तेवढं थांबवा. जाड थराखालच्या बासला बेडूक नीट दिसत नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणाऱ्या हालचालीवरून तो अंदाजाने वर उसळतो, त्यामुळे पहिली झडप अनेकदा नुसतं गवत उडवते. बेडूक खरंच नाहीसा झाला तर रॉडचं टोक त्याच्या दिशेने खाली करा, ढिली दोरी गुंडाळा, आणि माशाचं वजन हाताला लागलं की मगच जोरात वर ओढा. तोंडाने एक-दोन आकडे मोजण्यापेक्षा वजनावर भरवसा ठेवा. काही मासे बेडूक गिळून जागीच उभे राहतात, काही लगेच थुंकतात.

बेडूक दोन बोटांत दाबून बघा. दाबल्यावर गळांची टोकं स्पष्ट बाहेर यायला हवीत. नवा बेडूक कडक असेल तर गळ पक्कडीने अगदी किंचित बाहेरच्या बाजूला वाकवा. जास्त वाकवलेत तर गवत धरायला लागेल. मागचे रबरी पाय लांब असतील तर थोडे कापा आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड ठेवा. मग छोट्या भोकात बेडूक जागच्या जागी डावी-उजवीकडे वळवता येतो.

ब्रेडेड लाइन योग्यच आहे. तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) ताणला जातो, हिसक्याचा जोर गळापर्यंत पोचतच नाही, शिवाय ब्रेडेड लाइन हायड्रिलाच्या काड्या कापत जाते. थर फार जाड असेल तर ६५ पौंडी घ्या.

आता चुकलेल्या झडपेचं. माझ्या मते खरी संधी इथेच आहे. दुसरा रॉड तयार ठेवा: टेक्सास रिग, म्हणजे पुढे गोळीच्या आकाराचं वजन आणि गळाचं टोक रबरी किड्याच्या अंगात परत लपवलेलं. बेडूक चुकला की तेच फुटलेलं भोक धरून हे आमिष आत सोडा. मासा बहुधा तिथेच असतो आणि खाली बुडतानाच घेतो, म्हणून दोरीकडे लक्ष ठेवा. ती बाजूला सरकली किंवा मध्येच थांबली की ओढा. विरळ गवताला ७ ते १० ग्रॅम वजन पुरतं, जाड थर भेदायला २८ ग्रॅम किंवा जास्त लागतं. वजनाच्या वर, रॉडच्या बाजूला दोरीवर रबरी स्टॉपर (वजन सरकू न देणारा अडसर) लावा, नाहीतर वजन एकटंच खाली जातं आणि किडा वरच्या गवतात अडकून राहतो.

धागाकर्ता:

खूप आभार! दुसऱ्या रॉडचं डोक्यातच आलं नव्हतं. आता एक उपप्रश्न: अर्धं तळं सारखंच हिरवं दिसतं. सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद:

सारखं दिसणाऱ्या गवतात वेगळं काय आहे ते शोधायचं. हायड्रिला आणि कमळ एकमेकांना भिडतात ती रेघ, थराची पाण्यात घुसलेली टोकं, आतली भोकं. भोकाखाली बऱ्याचदा खडीचा टणक तळ असतो, म्हणून तिथे गवत धरत नाही. असं भोक सापडलं तर जागेची खूण करून ठेवा.

गवताचा रंग बघा. तपकिरी, कुजायला लागलेला पट्टा सोडून द्या, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. ताजं हिरवं असेल तिथेच वेळ घालवा. रात्री वनस्पती ऑक्सिजन वापरतातच, तयार करत नाहीत, त्यामुळे दाट गवतात पहाटे तो सर्वांत कमी असतो. म्हणून पहाटे मी थराच्या बाहेरच्या कडेने गरवतो आणि ऊन चढल्यावर आत वळतो. भर दुपारी बास सावलीसाठी थराखाली शिरतो, बेडकाची खरी वेळ तीच.

आणखी एक, मोटर बंद करून कान द्या. थराखाली ब्लूगिल हे छोटे मासे किडे टिपतात तेव्हा चटचट असा बारीक आवाज येतो. जिथे ब्लूगिल तिथे बास. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांना मिळालेला १०.१२ किलोचा विक्रमी बासही जिवंत ब्लूगिलच्या आमिषावर लागला होता. आवाज येणारा थर सहज सोडू नका.

प्रतिसाद:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. मासा लागल्यावरचं सांगतो. त्याचं तोंड पहिल्या क्षणापासून वर ठेवा, खाली वळू दिलात की तो काड्यांना वेढे घालतो. तरी अडकला तर जोर लावून ओढत बसू नका. दोरी ताणलेली ठेवून बोट त्याच्यापर्यंत न्या आणि हाताने गवत बाजूला करा. पुष्कळदा भारा उचलला की आत मासा शांत असतो. २८ अंशांच्या पाण्यात तो लवकर दमतो, त्यामुळे सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, मोठ्याला पोटाखाली आधार द्या, नुसता जबड्याने लोंबकळवू नका.

आणि कळकळीने सांगतो, हायड्रिलाचा पेर असलेला लहानसा तुकडाही नव्या पाण्यात रुजतो. परत निघताना ट्रेलर, नांगराची दोरी, मोटरचा पंखा हाताने साफ करा, बोटीतलं पाणी तिथेच काठावर काढून टाका आणि दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी सगळं खडखडीत वाळू द्या.