अनुभव धागा: माध्यमिक शाळेत भाषा शिकवायला जाताना पहिले दिवस

प्रशिक्षणात पाठाच्या पायऱ्या भरपूर शिकवतात. शाळेत गेल्यावर मात्र पाठ अडतो तो घड्याळापाशी, फळ्यापाशी, वह्यांच्या गठ्ठ्यापाशी. विषय येत नाही म्हणून फसलेले पाठ त्यामानाने थोडेच. ज्यांना हे काम आतून ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं (नोंदीच्या वर आहे ते लिहिणाऱ्याचं टोपणनाव). फक्त आठवणी नकोत, कृती सांगा: काय करायचं, किती, कशानं बिघडतं.

टाचणवही:

सुरुवातीचे दिवस मागच्या बाकावरून निरीक्षणाचे. बहुतेक छात्राध्यापक (शिकाऊ शिक्षक) तिथे शिक्षक काय बोलले ते उतरवून घेतात. त्याचा उपयोग नाही, आशय पुस्तकात आहेच. पानावर तीन रकाने आखा: वेळ, शिक्षक काय करतात, मुलं काय करतात. दर दोन मिनिटांनी एक नोंद. तिसऱ्या रकान्यात ‘ऐकतात’ हा एकच शब्द ओळीनं सहा-सात वेळा आला, की पाठ कुठे सैल पडला ते आपोआप दिसतं.

दुसऱ्या निरीक्षणाला बैठकीचा नकाशा काढा. प्रत्येक बाकाला चौकोन, चौकोनात नावं. ज्याला प्रश्न गेला त्याच्या नावापुढे एक काडी. तास संपेपर्यंत काड्या बहुधा पुढच्या दोन रांगांत आणि मधल्या ओळीत गोळा झालेल्या असतात. कडेची मुलं कोरी. तुमच्या पाठातही तेच होणार, म्हणून हा नकाशा पाठाच्या दिवशी टेबलावर उघडा हवा. नावं पाठ करायलाही हजेरीपेक्षा तो बरा. नावाचा उच्चार मात्र त्या मुलालाच विचारा, शेजाऱ्याला नाही. शेजारी टोपणनाव सांगतो.

मार्गदर्शक शिक्षकांना लगेच विचारून ठेवायच्या गोष्टी: धडा कुठवर आला आहे, वर्गपाठ आणि गृहपाठाची वही एकच की वेगळी, प्रश्नोत्तरं मुलं स्वतः लिहितात की फळ्यावरून उतरवतात, कुणाला चष्मा असूनही मागे बसवलंय का, कुणाला मोठ्यानं वाचायला लावू नये. शेवटचा प्रश्न फार जण विसरतात. अडखळत बोलणाऱ्या मुलाला ‘उभा राहा आणि वाच’ म्हटलं की पुढे बरेच दिवस तो तुमच्याकडे बघत नाही.

हजेरीपटावर स्वतःहून काही लिहू नका. तो शाळेचा दस्तऐवज आहे, खाडाखोड झाली तर उत्तर वर्गशिक्षकांना द्यावं लागतं.

घड्याळाचा काटा:

तासिका 40 मिनिटांची असेल तर पाठ 30 मिनिटांचा काढा. आधीचे शिक्षक बाहेर पडणं, हजेरी, वह्या-पुस्तकं काढणं यात पाच मिनिटं जातात. गृहपाठ सांगणं आणि मुलांनी तो लिहून घेणं यात तीन-चार. घंटा झाल्यावर सांगितलेला गृहपाठ सांगितला नाही असंच धरावं.

उरलेल्या तिसात प्रस्तावना तीन मिनिटांपेक्षा जास्त नको. नव्यांची प्रस्तावना हमखास दहावर जाते, कारण हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते, मुलांच्याच तोंडून वदवून घ्यायचं असा हट्ट असतो. ‘पाऊस पडल्यावर काय होतं?’, ‘मग काय उगवतं?’, ‘मग आज आपण काय शिकणार?’ मुलं चतुर असतात, काल फळ्यावर धड्याचं नाव त्यांनी वाचलेलं असतं. सरळ सांगा आणि पुढे चला.

टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) समासात प्रत्येक टप्प्यापुढे नियोजित मिनिटं नकोत, घड्याळातली वेळ लिहा. ‘सात मिनिटं’ लिहून काही कळत नाही, ‘11:22 ला गटकार्य थांबवणे’ कळतं. आणि गाळता येईल असा एक टप्पा आधीच कंसात टाकून ठेवा. वेळ संपत आली की माणूस सगळंच घाईघाईनं उरकतो, त्यापेक्षा एक गोष्ट पूर्ण सोडणं परवडतं. सोडायचा नाही असा भाग एकच: मुलांनी स्वतः काहीतरी लिहिलं किंवा बोललं तो.

उद्दिष्टंही एका तासाला एक, फार तर दोन. ‘विद्यार्थ्यांना भाषेची गोडी लागते’ हे उद्दिष्ट चाळीस मिनिटांत कुणाला तपासता येणार? ‘परिच्छेदातले कारण दाखवणारे शब्द ओळखतो आणि एक वाक्य तयार करतो’ हे तपासता येतं.

खडूफळा:

फळ्याचे तीन उभे भाग कल्पून घ्या. डावीकडे तारीख, विषय, घटक आणि मुद्दे. हा भाग तासभर पुसायचा नाही. मध्ये चालू काम, ते पुसत राहायचं. उजवीकडची अरुंद पट्टी नव्या शब्दांसाठी. अक्षराची उंची किमान दोन इंच, आणि तीही रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून स्वतः पाहून ठरवा. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत तळहाताएवढी जागा लागते. ती नसली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि मुलं वहीत चुकीचंच उतरवतात. मग आपण त्यांनाच रागावतो!

कमरेखालच्या भागात लिहू नका, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. नवा लांब खडू किंचाळतो. त्याचे दोन तुकडे करा आणि तिरका धरा. डस्टर वरून खाली ओढावं, गोल फिरवलं की धूळ उडते. लिहिताना पाठ पूर्ण वळवायची नाही, खांदा फळ्याकडे आणि अर्धा चेहरा वर्गाकडे. सुरुवातीला ओळी चढतात किंवा उतरतात. दोन शब्द लिहिले की एक पाऊल सरकायचं, हात लांबवत राहायचं नाही. एवढंच जमलं तरी ओळ सरळ येते.

एखाद्या शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घाची शंका असेल तर तो टाचणात आदल्या रात्री कोशात पाहून लिहा. फळ्यावरची चूक पन्नास वह्यांत जाते.

प्रश्नचिन्ह:

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो.

थांबणं म्हणजे किती? मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असलेली मुलंही बोलतात. त्यांचं काम विज्ञानाच्या तासांवर होतं, पण भाषेच्या तासाला ते जास्तच लागू पडतं, कारण इथे मुलाला उत्तर शोधायचं असतं आणि शिवाय वाक्यही जुळवायचं असतं. उभं राहून तीन सेकंद काढणं फार जड जातं. मनातल्या मनात प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाचा, तेवढा वेळ जातो.

‘समजलं का?’ हा प्रश्नच नाही, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. मुलाचं उत्तर जसंच्या तसं आपण मोठ्यानं पुन्हा म्हणणं ही दुसरी खोड. त्यामुळे मुलं एकमेकांचं ऐकणं सोडतात, बाई नंतर सांगणारच आहेत ना. आवाज पोचला नसेल तर मुलालाच पुन्हा सांगायला लावा. टाचणात सहा-सात प्रश्न शब्दशः लिहून न्या, निदान दोन ‘का’ आणि ‘कशावरून’ असे. ऐनवेळी सुचतात ते सगळे ‘कोण’ आणि ‘कुठे’.

यमक:

कवितेच्या तासाबद्दल लिहिते. कवीचा परिचय, काव्यप्रकार, कठीण शब्दांचे अर्थ आणि मग कविता, या क्रमात कविता येईपर्यंत मुलं निघून गेलेली असतात (शरीरानं बाकावरच). आधी पुस्तकं मिटवून एकदा ऐकवा. मग पुस्तक उघडून दुसऱ्यांदा. अर्थाचं त्यानंतर पाहू.

आदर्श वाचन घरी मोठ्यानं निदान पाच वेळा झालेलं असावं. पेन्सिलीनं खुणा करा: एक रेघ लहान विराम, दोन रेघा मोठा. ओळ संपली म्हणून थांबायचं नसतं, अर्थ पुढच्या ओळीत गेला असेल तर आवाजही जायला हवा. चालीवर म्हणायची तर मुलांना झेपेल अशा पट्टीत. आपली पट्टी उंच लागली की मुलगे, विशेषतः आवाज फुटायच्या वयातले, गप्प बसतात आणि वर्ग हसतो.

टाचणवही:

यमकताई, कवितेला मान्य. गद्याला प्रत्येक वेळी शिक्षकानंच आधी वाचायला हवं का? सातवी-आठवीनंतर एखाद्या परिच्छेदाचं मौन वाचन आधी आणि हातात एक प्रश्न, असं दिलं तर वाचन खरं होतं. नाहीतर मुलं वाचतच नाहीत, फक्त ऐकतात.

यमक:

चालेल, पण प्रश्न वाचनाच्या आधी फळ्यावर हवा आणि वेळ सांगितलेली हवी. नुसतं ‘मनात वाचा’ म्हटलं की दोन मिनिटांत कुजबुज.

लाल शाई:

साठ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तीन तास. हे गणित पहिल्याच आठवड्यात करा. प्रत्येक चूक दुरुस्त करायला गेलात तर तिसऱ्या गठ्ठ्याला हात लावायची इच्छा राहत नाही, आणि पान लाल झालेलं मूल काहीच वाचत नाही.

एका फेरीला एकच प्रकार धरा. या वेळी ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या वेळी विरामचिन्हं. चूक सुधारून देऊ नका. ओळीच्या समासात खूण करा: ‘ऱ्ह’, ‘वि’, ‘लिं’ (लिंग), ‘जो’ (जोडाक्षर). खुणांची यादी वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घ्या. शोधायचं काम त्यांचं. वह्या परत दिल्यावर पाच मिनिटं वर्गातच दुरुस्तीला द्या, घरी कुणी करत नाही.

मराठी लेखनाचे 1962 चे नियम आणि 1972 ला पडलेली भर मिळून अठराच नियम आहेत. दोन पानांत बसतात, पिशवीत ठेवा. सगळ्यात जास्त चुका जिथे होतात तिथून सुरू करा: फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना बदललेल्या रूपात, तो ऱ्हस्व होतो. हे शिकवून झालं की हुशार मुलं ‘शरिराला’ लिहायला लागतात. तो तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द, म्हणून शरीराला, तसंच गीताला, समूहाला. अपवाद त्याच तासाला सांगू नका, आधी नियम बसू दे. पण त्या दिवशीच्या उदाहरणांत चुकून तत्सम शब्द घेऊ नका, एवढं आदल्या दिवशी तपासा.

दुभाषी:

दुसरी किंवा तिसरी भाषा शिकवणाऱ्यांसाठी. एका तासाला नवे शब्द सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. सूचना त्याच भाषेत, पण आखूड आणि हावभावांसह: एका वाक्यात एकच काम. ‘वही काढा, पान सत्तावीस उघडा, जोड्या करा आणि तिसरा प्रश्न सोडवा’ यातलं वर्गाला फक्त पहिलं ऐकू जातं. कागद वाटायचे असतील तर सूचना वाटण्याआधी. कागद हातात पडला की कान बंद. ओळीनिहाय मोजून गठ्ठे करा, वर चार जादा प्रती.

श्रुतलेखन पहिल्या दिवसांत फार उपयोगी, वर्ग शांत होतो आणि पातळी कळते. साठ-सत्तर शब्दांचा उतारा. एकदा संपूर्ण वाचायचा, पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा अर्थाप्रमाणे तुकडे करून, एका तुकड्यात पाच-सहा शब्द, तुकडा एकदाच. तिसऱ्यांदा पुन्हा संपूर्ण. एकेक शब्द सुटा सांगितला तर ती फक्त स्पेलिंगची परीक्षा होते. तपासणी शेजाऱ्याशी वही बदलून.

आवाज:

एकच मुद्दा. गलबल्यावर आवाज चढवू नका, दोन-तीन तासांत घसा बसतो आणि वर्गाला तुमची कमाल पातळी कळते. बोलणं मध्येच थांबवा, एका जागी उभे राहा, मग खालच्या पट्टीत सुरू करा. पाण्याची बाटली टेबलावर असू द्या, घोट घोट घ्या. सारखं खाकरल्यानं घसा आणखी सोलवटतो.

बोलीभाषा:

लाल शाई, वहीत ठीक. पण बोलताना मूल ‘पानी’, ‘लोनी’ म्हणालं तर वाक्य तोडू नये. तोडलं की ते बोलणंच थांबवतं, आणि बोलणं हा भाषेचा अर्धा तास आहे. त्याच्या उत्तराला जोडून आपण ‘हो, पाणी आटलं म्हणून...’ असं पुढे न्यायचं. प्रमाण रूप कानावर पडतं. वर्ग हसला तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. बोलीतले पाच शब्द फळ्याच्या उजव्या पट्टीत लिहून त्यांचे प्रमाण जोडीदार मुलांकडून काढले, तर व्याकरणाचा चांगला पाठ होतो. आणि दोन्ही बाजूंचे शब्द फळ्यावर सारख्याच आकारात.

घड्याळाचा काटा:

बदली तासाचं कुणी लिहिलं नाही. शिक्षक रजेवर असले की छात्राध्यापकाला दहा मिनिटं आधी सांगतात: ‘आठवी ब वर जा.’ वर्ग अनोळखी, धडा अनोळखी. त्यासाठी पिशवीत एक फाइल कायम असावी, तीत कुठल्याही इयत्तेला चालतील असे तीन-चार उपक्रम. एखाद्या गोष्टीचा सुरुवातीचा परिच्छेद, शेवट मुलांनी सहा वाक्यांत लिहायचा. उलटसुलट केलेल्या दहा वाक्यांचा क्रम लावणं. एका लांब शब्दाच्या अक्षरांतून छोटे शब्द काढणं, हे शेवटच्या दहा मिनिटांना. लेखन आधी द्या, खेळ नंतर. उलट केलं तर वर्ग परत बसत नाही. लिहिलेले कागद गोळा करून त्या शिक्षकांच्या टेबलावर ठेवा, वर एक चिठ्ठी: काय घेतलं, किती मुलं होती.

टाचणवही:

चिठ्ठीत कोण अर्ध्या तासातून बाहेर गेलं आणि कुणाच्या परवानगीनं, तेही लिहा.