मदत हवी आहे: कॅरो-कानमध्ये एच४ आला की माझा उंट जातो

प्यादेकर
शनिवारपासून रेटिंग स्पर्धा, आज बुधवार. मी काळ्याने कॅरो-कान खेळतो, म्हणजे ई४ ला सी६ चा बचाव. गेल्या दोन स्पर्धांत मिळून तिघांनी एच४ खेळलं (एच प्यादं दोन घरं पुढे, माझ्या उंटाच्या मागे) आणि तिन्ही डाव गेले. सगळे म्हणतात कॅरो-कान भक्कम. कुठे भक्कम आहे? नक्की चाल सांगा प्लीज, तत्त्वज्ञान नको.

काळा_घोडा
एच६. उंट जी६ वर असतो, एच५ आला की एच७ ला जाऊन बसायचं. शंभर वर्षं लोक हेच खेळतायत. यात विचारण्यासारखं काय आहे?

उंटावरचा_शहाणा
थांबा हो. आधी त्याला विचारा तरी, कुठला एच४? कॅरो-कानमध्ये तो दोन ठिकाणी येतो. पांढऱ्याने घोडा सी३ ला काढून ई४ वर मारामारी झाली, तर सहाव्या चालीला. ई५ पुढे ढकललं असेल तर चौथ्याच चालीला. प्यादेकर, पहिल्या पाच चाली लिही. आणि रेटिंग किती?

नागपुरी_वजीर
भाऊ, सी३ वाला असेल तर उंट बाहेर काढायच्या भानगडीतच पडू नको. चौथ्याला घोडा एफ६, त्याने मारला की ई प्याद्याने घ्यायचा. मग उंट डी६, किल्लेकोट, हत्ती ई८ चा शह, आणि नवव्या चालीला स्वतःच्याच राजासमोरून एच५! आधी डबल प्यादं (एकाच रांगेत दोन) म्हणून नाक मुरडायचे, आता सगळे ग्रँडमास्टर हेच खेळून राहिले. एच५, एच४, मग एच३. पांढऱ्याला कळतच नाही राजा कुठे ठेवावा.

प्यादेकर
ई५ वाला हो. ॲडव्हान्स. मला वाटलं ते उघडच आहे.
१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५ ४. एच४. रेटिंग १४८०.
नागपुरी, छान आहे पण मी ते विचारलं नव्हतं.

नागपुरी_वजीर
विचारलं नव्हतं, पण उद्या विचारशील.

बे_एरियाकर
तिसऱ्या चालीला उंट काढूच नका, म्हणजे कटकटच मिटली. ३...सी५ (टिंबं म्हणजे काळ्याची चाल)! मी तीन वर्षं फक्त हेच खेळतोय. उंट बाहेर नाही तर एच४ कोणावर खेळणार? बोटविनिक १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये हे तालविरुद्ध खेळले होते, आता एंजिनांमुळे (बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममुळे) पुन्हा फॅशनमध्ये आलंय. तो सी५ मारतो, तुम्ही ई६. प्यादं परत मिळतं.

उंटावरचा_शहाणा
तीन दिवसांवर स्पर्धा आणि नवीन व्हेरिएशन? हल्ली पाचव्याला ए३ खेळतात. उंटाने सी५ घेतला की बी४ ने हुसकावतात आणि तुम्ही घोडा कुठून काढू म्हणून बसता. याला घोडा ई७ आणि घोडा एच६ मधला फरक रात्रीत समजणार आहे का? आणि १९६१ चं नाव घेताय तर हेही सांगा, की त्याच मॅचमध्ये ताल हाच ४. एच४ सुद्धा खेळले होते. ही भानगड नवी नाहीच.

बे_एरियाकर
मॅच बोटविनिकच जिंकले. १३-८.

उंटावरचा_शहाणा
सी५ मुळे नाही जिंकले! प्यादेकर, एच४ नंतर *तू* काय खेळलास? ते अजून सांगितलं नाहीस.

प्यादेकर
दोनदा ई६. एकदा एच६, कारण वहीत "एच४ ला एच६" असं लिहिलेलं आहे. क्लासमध्ये सरांनी सांगितलं होतं.

उंटावरचा_शहाणा
सापडलं! पट मांड आणि हाताने खेळून बघ, नुसतं वाचू नकोस.

४...ई६ ५. जी४. उंट ई४ ला गेला, एफ३. परत जी६ ला आला, एच५. आता मागे एच७ वर तुझंच प्यादं. एफ५ वर जी४ चा पहारा, ई४ वर एफ३ चा. जाता जाता सी२ चं प्यादं मारून मरायचं, एवढंच उरतं. दोन्ही डाव असेच गेले ना?

एच६ ची गोष्ट वेगळी. वहीतलं वाक्य खरं आहे, पण ते दुसऱ्या एच४ चं. काळा_घोडा बोलले तेच. तिथे ई५ वर पांढऱ्याचं प्यादं नसतं. इथे आहे. म्हणून ५. जी४ उंट एच७ झालं की ६. ई६! फुकट मिळालं म्हणून तू एफ ने मारलंस, हो ना? मग ७. उंट डी३. एच७ चा उंट बदलला गेला की जी६ चं घर उघडं, ई प्यादी एकावर एक, एफ८ चा उंट कोंडलेला, राजा मधेच. एच६ खेळायचंच असेल तर जी४ ला उंट मुकाट डी७ ला परत न्यायचा.

प्यादेकर
बापरे. हो, सहाव्याला ई६. मी खूश होऊन लगेच मारलं होतं. तेव्हा घड्याळात माझी चोवीस मिनिटं शिल्लक होती.

जुना_हत्ती
ई६ वरून आठवलं. ११ मे १९९७. कास्पारोव्हसारखा माणूस कॅरो-कान खेळला, सातव्या चालीला एच६ केलं आणि डीप ब्लू या कॉम्प्युटरने आठव्याला घोडा ई६ वर बळी दिला. १९ चालींत राजीनामा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी कामच केलं नाही. बुद्धिबळ संपलं असं आमचे साहेब म्हणाले होते.

काळा_घोडा
हत्तीकाका, ते घोडा डी७ वालं व्हेरिएशन. इथे संबंध नाही. बाकी ई५ चा एच४ आहे हे मला आधी माहीत असतं तर मी एच६ म्हणालोच नसतो.

जुना_हत्ती
संबंध एवढाच, की एच६ करताना आधी ई६ च्या घराकडे बघावं. तेव्हाही आणि आताही.

चिंतूची_आई
मधेच विचारते, सॉरी. मुलगा नऊ वर्षांचा आहे. सर म्हणतात काळ्याने ई५ च खेळायचं, आणि हा व्हिडिओ बघून कॅरो-कानच म्हणतो. कोणाचं ऐकू? शिवाय रेटिंग स्पर्धेला पाठवू का इतक्यात?

काळा_घोडा
ताई, सरांचं ऐका. नऊ वर्षांच्या पोराने उघडे डाव खेळावेत, मार खावा.

नागपुरी_वजीर
अन् पोराला आवडतं ते खेळू दिलं तर काय बिघडलं? स्पर्धेला पाठवा, पण मार्च २०२४ पासून फिडेचं (जागतिक संघटनेचं) १४०० च्या खालचं रेटिंगच नाही, त्यामुळे पहिल्याच स्पर्धेत आकडा दिसेल असं त्याला सांगू नका.

प्यादेकर
चिंतूच्या आईंसाठी वेगळा धागा काढा ना कोणीतरी. मी शनिवारी काय खेळू?

उंटावरचा_शहाणा
४...एच५. बस. जी४ चा प्रश्नच संपतो. किंमत एवढीच, की जी५ चं घर कायमचं त्याचं होतं. तो तिथे उंट आणेल: ५. उंट जी५ वजीर बी६. मग उंट डी३, मारामारी, तो वजिराने घेतो, आणि तू ७...वजीर ए६ करून वजीर बदलायला सांगायचा. हल्ला करायला आलेल्या माणसाला वजीर बदलायचा जाम कंटाळा असतो. ५. सी४ आला तर आता ई६ बिनधास्त, एच५ वर प्यादं असल्यावर उंट सुरक्षित आहे. एवढ्या दोनच गोष्टी वहीत लिही. आणि जुन्या वाक्याच्या पुढे "घोडा सी३ असेल तरच" असं लिही.

बे_एरियाकर
स्पर्धा झाल्यावर सी५ बघाच. मी फाईल पाठवतो.

प्यादेकर (रविवार, रात्री)
तिसऱ्या फेरीत आला एच४! एच५ खेळलो, त्याने उंट जी५, मी वजीर बी६, सगळं तसंच. सातव्याला वजीर ए६ ठेवला आणि तो पंधरा मिनिटं विचार करत बसला. त्याने वजीर बदलला नाही. तरी शेवटी हरलो. हत्तीच्या एंडगेममध्ये चुकलो, एक प्यादं कमी होतं. ती पोझिशन बरोबरीची होती का?

उंटावरचा_शहाणा
कुठली पोझिशन?

काळा_घोडा
आधी चाली टाक रे.