अकरा वर्षांनी गावच्या भजनात बसायचंय, पखवाज मागायचा कसा?

माडाखालचा
नमस्कार मंडळी, मी देवगडकडचा, गेली अकरा वर्षं मस्कतला साईटवर. प्रश्न जरा खुळचट वाटेल पण इथे भजनातली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतो.

आमच्याकडे एक आयरिश साहेब आहे, पन्नाशीचा, क्लेअर काउंटीचा. तो बोध्रान वाजवतो (तो स्वतः बाउरान असं काहीतरी म्हणतो, मला अजून जमलेलं नाही). आपल्या डफासारखंच, लाकडी कड्याला बकऱ्याचं कातडं, एका हातात वीतभर काठी आणि दुसरा हात आतून कातड्याला दाबून आवाज वरखाली करायचा. हा माणूस ख्रिसमसलासुद्धा घरी जात नाही, सगळी सुट्टी साठवतो आणि जुलै लागला की पळतो. मिलटाउन मॅलबे म्हणून तिकडे समुद्राजवळ एक छोटं गाव आहे, विली क्लॅन्सी नावाचा मोठा पाइपवादक तिथला, तो १९७३ ला गेला आणि त्याच वर्षापासून त्याच्या नावाने तिथे दर जुलैत आठवडाभर संगीताची शाळा भरते. सकाळी क्लास आणि मग रात्री उशिरापर्यंत पबमध्ये बैठका, टेबलाभोवती गोल बसून फिडल, बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी). साहेब क्लासबिसला जात नाही. शाळेतले तीन मित्र येतात, एक तर अमेरिकेतून येतो, त्यांच्यासाठी जातो. परत आला की आठवडाभर आवाज बसलेला आणि तोंडावर हसू.

मागच्या वर्षी त्याने विचारलं, तू काय वाजवायचास? म्हटलं पखवाज, भजनात. म्हणाला, मग तू कधी जातोस? आता काय सांगणार. आईच्या आजारपणात दोनदा गेलो, जमिनीच्या कामाला एकदा, पण चतुर्थीला अकरा वर्षांत एकदाही नाही.

तर यंदा सुट्टी टाकलीय, चतुर्थीलाच जायचंय, गोव्यात मोपा विमानतळाला उतरून थेट गावी. घोळ असा की मंडळाचा पखवाज आता एक पोरगा वाजवतो, मी गाव सोडलं तेव्हा तो झांजांची पिशवी घेऊन आमच्या मागून फिरायचा. आता चांगला तयार झालाय म्हणे, डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) पण बसतो. बुवा माझा वर्गमित्र, मी दिसलो की तो त्या पोराला उठवणार आणि मला बसवणार, आणि तेच मला नकोय. पण हात शिवशिवतात हे पण खरं. आधी फोन करून सांगू, का गप जाऊन मागे बसू? आणि मंडळाला काही न्यायचं तर काय न्यावं? नवीन पखवाज नेला तर शायनिंग मारतोय असं वाटेल का?

रापणकार
मेल्या, इतको इचार कित्याक करतंस, गाव तुझोच आसा मरे. पण एक सांगतंय, आमच्या वाडीत असोच एक चाकरमानी इलो, इल्या इल्या पखवाज पुढ्यात ओढून बसलो. वाजवणाऱ्या पोराचा तोंड बघूक होया होता. गजराक लय अशी पळवल्यान की कोरस खयं आणि ह्यो खयं. दुसऱ्या रात्री पोरगो भजनाक इलोच नाय, ताप इलो म्हणान सांगल्यान. तू पयली रात्र टाळ घेवन बस. बाकी फोनबिन काय करू नको.

गुहागरची_डब्लिनात
मी नर्स आहे, डब्लिनला सात वर्षं झाली, त्यामुळे तुमच्या साहेबाचं जग थोडंफार बघितलंय. त्या बैठकीला तिकडे सेशन म्हणतात आणि वरवर कोणीही या कधीही बसा असं वाटतं पण तसं अजिबात नसतं. कोण आधी बसलंय, कोण सूर धरतंय हे बघून हळूच खुर्ची सरकवायची. सुरांची वाद्यं कितीही चालतात, सगळे एकच धून एकत्र वाजवतात, दोनतीनदा फिरवतात आणि न थांबता पुढच्या धुनेत घुसतात, समोर कागद नाही काही नाही. बोध्रान मात्र एका वेळी एकच बरा असं मानतात, दोन झाले की लय चिखलात जाते. म्हणून बोध्रानवाल्यांवर तिकडे जोक पण भरपूर. माझ्या वॉर्डमधली एक बाई वाजवते, ती दुसऱ्या गावी गेली की बोध्रान पिशवीतच ठेवते, पिशवी खुर्चीखाली. कोणी म्हणालं काढ, तरच काढायचा. तुमच्या साहेबाला विचारा, तो पण हेच सांगेल बघा.

मी स्वतः गणपतीला नाही, शिमग्याला जाते. आमच्याकडे पालखी घरी येते, ढोल लांबून ऐकू आला की आजी चूल सोडून अंगणात. त्या ढोलासाठी तिकिटाचे पैसे घालवते, कोणी काही म्हणो.

शाई_आणि_कणीक
चाळीस वर्षं पखवाज वाजवतोय, थोडं कडू बोलतो. गोऱ्या साहेबाने विचारलं म्हणून गाव आठवलं, हे काही मला फार गोड वाटलं नाही. असो. आता कामाचं.

भाद्रपदात आपल्याकडे हवा ओली असते, कातडं सैल पडतं आणि शाईची बाजू, म्हणजे उजवं तोंड, सुरात उतरते. प्रत्येक घरी बसायच्या आधी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकावे लागतात, तेवढ्यात पुढच्या घरचे चहा घेऊन उभे. तुमच्या एसीतल्या हाताला ही सवय गेली असणार. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायला पण हात लागतो, जास्त ओली झाली तर ओघळते, घट्ट झाली तर मध्येच सुटून पडते. तेव्हा आत्तापासून रोज अर्धा तास मांडीवर नाहीतर उशीवर बोल फिरवा, धुमाळी ताल आधी, मग बाकीचं. टेबलावर नको, बोटं सुजतात.

नवीन पखवाज नेऊ नका. पुडी (तोंडावरचं तयार कातडं) न्या. दर वर्षी पावसात पुडी जाते आणि मंडळाच्या डब्यात त्याला पैसे नसतात. पण माप त्या पोराकडूनच घ्या, तुमच्या बुवाकडून नाही. पोराला फोन केलात की बाकीचं आपोआप होईल.

परळकर
यावरून आठवलं, शिकागोला एक पोलीस प्रमुख होता, फ्रान्सिस ओनील, मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा. तिथे येऊन पोटाला लागलेल्या आयरिश माणसांकडून त्याने धुना गोळा केल्या आणि १९०३ ला पुस्तक काढलं, १८५० धुनांचं. गाव सोडलेल्यांनी परदेशात जमवलेलं पुस्तक, आणि ते तिकडे मायदेशात पण वापरात आलं. आमच्या गिरणगावात तेच होतं, चाळीत मालवण देवगड राजापूर सगळीकडची माणसं, गिरणीची पाळी सुटली की खोलीत भजन. माझे वडील भजन मुंबईत शिकले आणि चतुर्थीला गावी जाऊन गायचे, गाववाले म्हणायचे ही मुंबईची चाल आहे, इथे चालणार नाही. पुढच्या वर्षी तीच चाल सगळे गात होते.
(रेल्वेचं तिकीट मात्र ६० दिवस आधी उघडतं आणि मिनिटात संपतं, विमानवाल्यांना काय कळणार आमचं दुःख.)

माडाखालचा
सगळ्यांचे आभार, शाईवाल्या काकांचे जास्त, बोलणं लागलं पण खरं होतं. पोराला फोन केला. आधी गप्पच होता, मग पुडीचं माप सांगितलं आणि सांगतच सुटला, शाई कशी हवी, वादी (ताणायची कातडी दोरी) कुठली. साहेबाला पावसात कातडं सैल पडतं ते सांगितलं तर हसला, मस्कतला एसीच्या कोरड्या हवेत त्याचं उलटं होतं, कातडं ताणून टणटण वाजतं म्हणून तो बाटलीतून पाणी मारतो.

माडाखालचा
(गणपतीनंतर) जाऊन आलो. पहिल्या रात्री कोरसमध्ये टाळ घेऊन बसलो, बुवाने दोनदा खूण केली, मी मान हलवली. पोरगा खरंच चांगला वाजवतो, गौळणीला तर मी टाळ विसरून नुसता त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. दुसऱ्या रात्री चौथ्या घरी उसळ-पाव आला, पोराने हात धुवायला जाता जाता पखवाज माझ्याकडे सरकवला, काका जरा धरा म्हणाला. धरा म्हणजे सांभाळा की वाजवा ते मला कळेना, तेवढ्यात बुवाने पेटीवर सूर दिला. रूपावली (देवाच्या रूपाचा अभंग) कशीबशी निघाली, शेवटच्या तिहाईला सम चुकली आणि झांजवाला, माझा बालवाडीपासूनचा दोस्त, एवढ्या जोरात हसला की घरातली पोरं जागी झाली. पोरगा पाव खात दारातच उभा होता. पखवाज परत घेताना धुमेवर बोट दाबून बघितलं आणि म्हणाला, काका, कणकेत पाणी जास्त झालंय.