'टर्फ'ला मराठीत काय म्हणावे? आयर्लंडवरच्या एका चित्रग्रंथाच्या निमित्ताने

भाषांतरवेडी
आयर्लंडची भूमी, लोकजीवन आणि वारसा यांवरच्या एका सचित्र भेटपुस्तकाचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. अशा पुस्तकात छायाचित्र पानभर असते आणि त्याखाली मजकुराला जेमतेम दोन ओळींची जागा मिळते. तळटीप देता येत नाही, म्हणून छापलेल्या शब्दानेच चित्र उलगडायला हवे. कॉनेमाराच्या एका चित्रात उघड्या माळावर विटांएवढे काळपट तुकडे चार-पाचच्या गटाने एकमेकांना टेकवून उभे केले आहेत. हे टर्फ, म्हणजे तिथल्या पाणथळ जमिनीतून कापून, वाळवून इंधन म्हणून जाळतात ते मातीचे तुकडे. त्याखाली मी 'वाऱ्यावर सुकत ठेवलेले टर्फ' असे लिहिले. पहिले वाचन करणाऱ्या मुंबईच्या संपादकांनी विचारले की, टर्फ म्हणजे रात्री दिवे लावून क्रिकेट खेळतात ते भाड्याचे मैदान. ते सुकत कसे ठेवतील? त्यांचा आक्षेप योग्य आहे, कारण आजच्या मराठीत या शब्दाचा तोच अर्थ रूढ झाला आहे. त्याचेच दुसरे नाव 'पीट' लिहिले तर वाचकाला कुंडीतले कोकोपीट आठवते. ज्या जमिनीतून हे इंधन कापतात त्या 'बॉग'ला 'दलदल' म्हणावे, तर तो शब्द त्या भूमीवर अन्याय करतो असे मला वाटते. या दोन्ही शब्दांना मराठीत काय म्हणावे?

शब्दवेल्हाळ
'टर्फ' हा शब्द आपल्याला तितका परका नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध संस्कृत 'दर्भ' या शब्दाशी जोडतात. मूळ धातू एकच असून गवताचा झुबका किंवा मुळांसकट निघालेली ढलपी हा अर्थ दोन्हीकडे आहे. त्यामुळे मैदानावरच्या कृत्रिम हिरवळीला टर्फ म्हणणे हीच खरी अर्थाची ओढाताण आहे, आणि एका बाजारी वापरासाठी मूळ अर्थ सोडून देणे मला पटत नाही. तरीही मराठी शब्दच हवा असेल तर तो घडवावा. 'मृदिंधन' हा शब्द छोटा आहे, नियमाने सिद्ध होतो आणि दोन ओळींत बसतो.

कृष्णाकाठ
दर्भाशी नाते असले तरी वाचकाला त्याचा उपयोग नाही, आणि 'मृदिंधन' हा शब्द चुलीजवळ कोणी उच्चारणार नाही. आपण जळाऊ लाकूड म्हणतो, तसे 'जळाऊ माती' म्हटले की ही माती आहे आणि ती जाळायची आहे, हे दोन शब्दांतच कळते. 'बॉग'साठी आमच्याकडचा 'चिबड' हा शब्द विचारात घ्यावा. सांगली-कोल्हापूरकडे पाणी मुरून राहिलेल्या, पाय रुतणाऱ्या जमिनीला शेतकरी चिबड म्हणतात. 'क्षारपड आणि चिबड जमीन' हे शब्द सरकारी कागदांतही आहेत. जिवंत शब्द हाताशी असताना नवा घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

वाचनमग्न
मुळात 'भेटपुस्तक' तरी कोण म्हणते? वर्तमानपत्रांत प्रकाशन होते ते 'कॉफी टेबल बुक'चेच.

भाषांतरवेडी
मुखपृष्ठावर 'चित्रग्रंथ' असे ठरले आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे नको.

गॉलवेवासी
मी बरीच वर्षे आयर्लंडच्या पश्चिमेला राहतो, म्हणून इथला वापर सांगतो. 'पीट' हा शब्द शास्त्रज्ञांचा आणि सरकारी खात्यांचा. घरात, शेजारात, दुकानात या इंधनाला सगळे 'टर्फ'च म्हणतात. 'बॉग' हा इंग्रजीने आयरिशमधूनच उचललेला शब्द असून मूळ आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'मऊ' एवढाच आहे. गंमत अशी की आयरिश बोलणारे स्वतः त्या जमिनीला 'पोर्टाख' म्हणतात आणि टर्फला 'मोन'. 1946 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचे 'बोर्ड ना मोना' हे नाव त्यावरूनच आले.

'चिबड' मला आवडलेला शब्द असला तरी तो इथे चालणार नाही. चिबड जमीन ही बिघडलेली जमीन असते. बहुधा उसाला बेसुमार पाणी दिल्याने आणि निचरा न झाल्याने चांगले रान तसे होते. इथली बॉग कोणी बिघडवलेली नाही. सततचा पाऊस आणि स्फॅग्नम नावाचे शेवाळ यांनी हजारो वर्षांत तिचे थर रचले असून त्यांची वाढ वर्षाला साधारण एक मिलिमीटर होते, म्हणजे मीटरभर खोलीत सुमारे 1000 वर्षे साठलेली असतात. 'दलदल' म्हटले की आपल्याला घाण आणि कुजणे आठवते, पण इथे नेमके उलटे घडते. आम्लयुक्त, प्राणवायू नसलेल्या त्या पाण्यात वस्तू सहसा कुजत नाहीत. 2006 मध्ये टिपरेरी परगण्यात यंत्राने बॉग खोदताना चामड्याच्या वेष्टनासह एक स्तोत्रांची पोथी सापडली. ती सुमारे इसवी सन 800 ची असून आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाराशे वर्षे पोथी सांभाळणाऱ्या जमिनीला दलदल म्हणणे मला जड जाते.

चित्रातले काम असे चालते. वसंतात 'स्लेन' नावाच्या, बाजूला पाते असलेल्या कुदळीने ओले तुकडे कापतात आणि पसरून ठेवतात. ते वरून थोडे वाळले की चित्रात दिसतात तसे टेकवून उभे करतात आणि शेवटी मोठी रास रचतात. पूर्वी ती गाढवाच्या पाठीवरच्या टोपल्यांतून घरी येई.

कृष्णाकाठ
हे वर्णन वाचून वाटले की क्रियापदे तरी आपली वापरावीत. तुकडे 'उभे करतात' असे लिहिण्याऐवजी 'टेकवून लावतात' लिहावे आणि मोठ्या राशीला कोकणातला 'उडवी' शब्द द्यावा. भाताची उडवी ज्याने पाहिली आहे त्याला ही रास समजेल.

शब्दवेल्हाळ
उडवी पेंढ्यांची असते, मातीची नव्हे. जिवंत शब्दांचा आग्रह धरायचा आणि त्यांचे अर्थ मात्र हवे तसे ताणायचे, हे मला मान्य नाही. नवा शब्द घडवला तर तो निदान दुसऱ्या कुणाची जागा घेत नाही.

झाडीपट्टी
याच विषयाला जोडून एक प्रश्न आहे. बॉगमधून टर्फ कापण्याचा तेथील कुटुंबांचा जो पिढीजात हक्क आहे, त्याला पुस्तकात काय म्हटले आहे? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावाने जंगलातून सरपण, बांबू, गवत आणण्याच्या हक्काला 'निस्तार' म्हणतात, आणि निस्तारपत्रक हा महसुली दस्तऐवजच आहे. 'टर्फ कापण्याचा निस्तार हक्क' असे लिहिल्यास विदर्भातल्या वाचकाला त्यामागचे सगळे जगणे कळेल.

गॉलवेवासी
त्या हक्काला इथे 'टर्बरी' म्हणतात. तो बहुतेकदा विशिष्ट जमिनीशी किंवा घराशी जोडलेला असतो, संपूर्ण गावाचा नसतो, एवढा फरक ध्यानात ठेवावा. हा हक्क इथे आजही जिव्हाळ्याचा आहे. 2022 मध्ये धुराच्या प्रदूषणामुळे टर्फच्या दुकानातील विक्रीवर निर्बंध आले, तेव्हा ग्रामीण भागात मोठा असंतोष उसळला आणि असे हक्क असलेल्यांना सूट ठेवावी लागली. 'बोर्ड ना मोना'ने तर 2021 च्या जानेवारीतच टर्फ काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले होते. चित्रग्रंथात हे सहसा येत नाही, तेथे फक्त धूर निघणारे धुराडे दिसते. म्हणून ओळीत शब्द कोणताही येवो, 'प्राचीन परंपरा' असे लिहून विषय मिटवू नये ही विनंती.

भाषांतरवेडी
'निस्तार' मी टिपून ठेवला आहे. पुढच्याच पानावर क्लेअर परगण्यातील 'बरेन' आहे. मैलोन्‌मैल उघडा करडा खडक, त्याच्या भेगांतून उगवलेली निळी जेन्शियनची फुले, आणि शेजारी इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा अधिकारी लडलो याचा 1651 मधला तो प्रसिद्ध शेरा: बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. कच्च्या मसुद्यात कोणी 'ओसाड पठार' असे लिहून ठेवले आहे.

सड्यावरचा
ओसाड मुळीच लिहू नये. रत्नागिरीकडे अशा उघड्या कातळाच्या माथ्याला आम्ही 'सडा' म्हणतो, आणि सडा पावसाळ्यात पाहिलेला माणूस त्याला ओसाड म्हणणार नाही. मातीचा थर बोटभरही नसतो, तरी श्रावणात तो फुलांनी भरतो, गुरे तेथे चरतात आणि त्याच कातळावर प्राचीन माणसाने शिल्पे खोदून ठेवली आहेत. बरेनवरही पुलनाब्रोनचे अश्मयुगीन शिळादफन आहेच. 'बरेनचा सडा' असे निःशंकपणे लिहावे.

शब्दवेल्हाळ
सडा जांभ्या दगडाचा असतो आणि बरेन चुनखडीचे आहे. भूगोल शिकवणारा कोणीही यावर बोट ठेवील.

सड्यावरचा
आमच्या आजीला जांभा आणि चुनखडी यांतला फरक सांगून सडा हा शब्द शिकवलेला नव्हता. वर झाड नाही, खाली कातळ आहे आणि पावलाला तो जाणवतो, म्हणजे सडा.

गॉलवेवासी
'ओसाड' का आले ते कळते. 'बरेन' ऐकून इंग्रजीतला वांझ जमिनीचा शब्द आठवतो, पण हे नाव आयरिश 'बॉइरन'वरून आलेले असून त्याचा अर्थ खडकाळ जागा असा आहे. 'सडा' लिहिण्यापूर्वी एक भेद पाहावा. कोकणात गुरे पावसाळ्यात सड्यावर चढतात, तर बरेनवर ती हिवाळ्यात वर नेतात, कारण चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि खडकातील गवत थंडीतही टिकते. शिवाय त्या पानावर 'टर्लाख'चे चित्र असेल तर तोही प्रश्न उभा राहील. शरद ऋतूत खडकाच्या भेगांतून भूजल वर येऊन तेथे तळे होते, उन्हाळ्यात ते त्याच भेगांतून उतरते आणि तळाशी गुरे चरतात. जगभरचे भूशास्त्रज्ञ हा आयरिश शब्द जसाच्या तसा वापरतात. सड्यावर पावसाळ्यात जी डबकी साचतात त्यांना तुमच्याकडे स्वतंत्र नाव आहे का?

सड्यावरचा
नाव आहे, पण ते गावागावाला वेगळे आहे, आणि आमचे पाणी वरून पडते, खालून येत नाही. टर्लाखला ते नाव देऊ नये. तो शब्द तसाच ठेवावा.

शब्दवेल्हाळ
टर्लाख तसाच ठेवायचा असेल, तर टर्फ का नको?