घरातील आपत्कालीन तयारी : नवख्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – इंदिरानगरवासी

नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमध्ये सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. घरात सासूबाई आहेत (वय ७६, मधुमेह, दोन्ही वेळा इन्सुलिन) आणि दुसरीतला मुलगा आहे. यजमानांची अंबडच्या कारखान्यात पाळीची नोकरी असल्यामुळे कित्येक रात्री घरात मोठे माणूस म्हणून मी एकटीच असते. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज गेली. लिफ्ट बंद पडली, गच्चीवरची टाकी पहाटेपर्यंत रिकामी झाली, आणि फ्रिजमधल्या इन्सुलिनचे काय करावे हे शेजारीपाजारी कोणालाच सांगता येईना.

तेव्हापासून या विषयावर वाचते आहे, परंतु हाती लागते ते बहुतेक परदेशी घरांसाठी लिहिलेले असते : तळघर, हिमवादळ, महिनाभराचे डबाबंद अन्न. तयार पिशव्याही विकत मिळतात आणि त्यांत शिट्टीपासून होकायंत्रापर्यंत सगळे असते. नाशिकच्या फ्लॅटमध्ये होकायंत्र कशाला लागेल, ते देव जाणे. माझे प्रश्न दोनच आहेत. आपल्या शहरात, आमच्यासारख्या घराने खरोखर कोणत्या प्रसंगांची तयारी ठेवावी? आणि महिन्याला पाचशे-सातशे रुपयेच बाजूला काढता येत असतील, तर पहिल्या महिन्यात नेमके काय करावे?

उत्तर १ – जुना सराफबाजारकर

ताई, मी पुरापुरतेच बोलतो, कारण तेवढेच मला अधिकाराने सांगता येईल. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे तिन्ही पूर आमच्या बाजारपेठेने अंगावर घेतले आहेत. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे नजर ठेवतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, यावरून कोणता माल किती वर चढवायचा हे ठरते, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, हे गावाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे माप आहे. बातमीतला क्युसेकचा आकडाही समजून घ्यावा : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, तेव्हा दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला दोन लाख ८३ हजार लिटर पाणी.

मात्र आपल्या बाजूला नासर्डी नदी अधिक जवळची आहे, आणि तिचे पाणी गंगापूर धरणाच्या विसर्गावर अवलंबून नसते. सातपूरच्या बाजूला तासभर जोरदार पाऊस झाला तरी ती उंटवाडी, मुंबई नाका या भागांत चढू शकते, म्हणून केवळ धरणाच्या बातमीवर विसंबून राहू नये. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही पाहाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर भाड्याने किंवा विकत घेताना लोक वास्तू पाहतात, ही रेषा कोणी पाहत नाही.

चौथ्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरे, पण ते पार्किंगमध्ये येईल, आणि विजेचे मीटर बहुतेक इमारतींत तिथेच असतात. मीटरच्या खोलीत पाणी शिरले की सुरक्षिततेसाठी संपूर्ण इमारतीची वीज बंद करावी लागते, म्हणजे पूर तळमजल्याला आणि अंधार सगळ्यांना. गाडी पाण्यात बुडून निघाली असेल तर तपासणीपूर्वी ती सुरू करून पाहू नये, कारण इंजिनात शिरलेल्या पाण्याने नुकसान कित्येक पटींनी वाढते. वाहत्या पाण्याची खोली अंगावर अजमावू नये; फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते.

त्या तयार पिशव्यांवर पैसे घालवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाने घरातच थांबायचे असते.

उत्तर २ – सातपूर_सेफ्टी

काकांचे पुराबद्दलचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पुरात वरच्या मजल्यावरच्या माणसाने घरी थांबावे, हे बरोबर. गॅसगळतीत किंवा आगीत मात्र त्याच माणसाला दोन-तीन मिनिटांत जिना उतरावा लागतो, आणि घरच्या बाबतीत पुरापेक्षा याच दोन प्रसंगांची शक्यता अधिक असते. कारखान्यातील सुरक्षा विभागात काम करताना आम्ही साधनांची यादी सर्वांत शेवटी करतो. आधी ठरवतो ते हे, की प्रसंग आला तर कोणी काय करायचे. ताईंनीही पहिल्या महिन्यात तेच करावे. त्याला पैसे लागत नाहीत.

गॅसपासून सुरुवात करा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढणे आणि वर सुरक्षा टोपी बसवणे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारात, हाताच्या स्पर्शाने जमले पाहिजे. आजींच्या बोटांत तेवढी ताकद नसेल तर निदान रेग्युलेटरची कळ फिरवणे तरी जमते का, ते पाहा. पाइप गॅस असेल तर व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कोणत्या दिशेला फिरवल्यावर बंद होतो, हे सर्वांना दाखवून ठेवा. घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत आणि ओट्याखालच्या कपाटात साचतो. वास आला की दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण, अगदी पंख्याचे किंवा दिव्याचेसुद्धा, चालू किंवा बंद करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. घराबाहेर पडल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर छापलेले वर्ष आजच वाचून घ्या.

आता विजेकडे येतो. मेन स्विच बंद केला की घरातली वीज गेली, असे सर्वजण धरून चालतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात तसे होत नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टर आपले काम इमाने इतबारे सुरू करतो आणि त्याला जोडलेल्या बोर्डांत प्रवाह चालूच राहतो. भिंतीत ओल उतरली असेल किंवा एखादा बोर्ड जळत असेल तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावे लागतात. मुख्य पेटीत आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर त्याची कळ खाली पडली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कदापि टाकू नये. गॅस बंद करता आला तर करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि ती गार होईपर्यंत उघडू नये. अग्निशामक सिलिंडर घ्यायचा असेल तर एबीसी पावडरचा, आयएसआय खुणेचा घ्यावा आणि तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगावा; शेगडीजवळ टांगला तर तो घ्यायला आगीतच हात घालावा लागेल. दोन किलोचा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, त्यामुळे तो लहान आगीपुरता आहे हे लक्षात ठेवावे. ही खरेदी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच पाहा. आपल्याकडे चोराच्या भीतीने बाल्कनीला पूर्ण जाळी असते आणि सेफ्टी डोअरला रात्री कुलूप लागते. त्या कुलपाची किल्ली कुठे असते? ती दाराच्या आतल्या बाजूला ठरलेल्या खिळ्यावर, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर असावी आणि त्याच खिळ्याला एक टॉर्च टांगलेला असावा.

पिशवी जरूर असावी, पण ती घरीच भरावी : मुलाची जुनी शाळेची सॅक चालेल. तिच्यात आधार, शिधापत्रिका, विमा आणि बँकेच्या कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात, थोडे सुटे पैसे, चार्ज केलेली पॉवर बँक, आजींच्या औषधांची चिठ्ठी आणि जादा चष्मा एवढे पुरे. यजमानांच्या कारखान्यात आत मोबाइल नेऊ देत नसतील तर प्रवेशद्वारावरील सुरक्षा कार्यालयाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. तो कागद जाड पेनाने, आजींना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावा आणि त्यावर ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हेही असावेत. दुसरीतल्या मुलाला आईचा मोबाइल क्रमांक आणि घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसह, तोंडपाठ असायला हवा.

उत्तर ३ – औषधांच्या काउंटरवरून

इन्सुलिनबद्दल लिहिते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन मात्र बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आत, चालते. नेमकी मुदत प्रकारानुसार बदलते, म्हणून खोक्यातला कागद वाचावा. वीज गेल्यावर फ्रिज वारंवार उघडला नाही तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. त्यापुढे कुपी झाकणाच्या छोट्या डब्यात घालून तो डबा लहान मडक्यात ठेवावा, ते मडके ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात बसवावे आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावे. इन्सुलिन बर्फाला थेट लावू नये आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

गडबडीत आणखी एक धोका असतो, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. इन्सुलिन दिले जाते आणि जेवण राहून जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे असे दिसले आणि आजी शुद्धीवर असतील तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी व पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, १०८ ला बोलवावे. साखरेची पुडी सॅकमध्ये आणि आजींच्या उशाशी, दोन्हीकडे असावी.

पाण्याचा हिशेब पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरावा. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर होते. पुरानंतर नळाला गढूळ पाणी आले तर ते फडक्याने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. गॅस नसेल तर मेडिक्लोरसारखे क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. खाण्यासाठी वेगळे डबे विकत आणण्याची आवश्यकता नाही : सातूचे पीठ, फुटाणे, शेंगदाणे, खजूर, आणि पातळ पोहे असले की दडपे पोहे विस्तवाशिवाय होतात. आजींना गूळ-सातू देताना मात्र साखरेकडे लक्ष असू द्यावे.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. सेफ्टी डोअरची किल्ली सासूबाईंच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात असते, असे आत्ताच कळले. खिळा आज ठोकला जाईल. एक शंका उरते. लिफ्ट, टाकी, जिना या गोष्टी माझ्या एकटीच्या हातात नाहीत. सोसायटीच्या सभेत हा विषय काढला तर ‘अभद्र बोलू नका’ असे ऐकावे लागते. तिथे काय मागावे?

उत्तर ४ – महात्मानगरचा एक सचिव

सभेत ‘आपत्ती’ हा शब्द न काढता एकेक काम मागा, म्हणजे ते मंजूर होते. हा माझा अनुभव आहे.

पहिले काम जिन्याचे. चपलांची कपाटे, सायकली, कुंड्या हे सर्व जिन्यातून आणि अग्निशमनाच्या नळासमोरून हलवावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांना ती चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. सचिवांकडे मागील प्रमाणपत्राची प्रत लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी यंत्रणा भिंतीवर असते आणि पाणी नळात नसते.

दुसरे, लिफ्टला वीज जाताच जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारे बॅटरीवरचे उपकरण बसवता येते. बसवलेले असेल तर बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारा. आग लागली असताना मात्र हे उपकरण असले तरी लिफ्ट वापरायची नाही. तिसरे, मोठ्या पावसाचा इशारा आला की वीज असतानाच वरची टाकी काठोकाठ भरून घेण्याची जबाबदारी वॉचमनवर नावानिशी सोपवावी. इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही दोन्ही सरकारी अॅप विनाशुल्क आहेत. वॉचमनच्या फोनमध्येही ती घालून द्यावीत.

२०२७ च्या सिंहस्थाचाही विचार आतापासून करावा. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, द्वारका या भागांतील रस्ते बंद किंवा एकेरी होतात, गर्दीत रुग्णवाहिकेलाही वळसा पडतो. त्या काळात घरात आठवडाभराची औषधे आणि किराणा आधीच भरलेला असावा. ज्यांच्याकडे डायलिसिस किंवा गरोदरपणाचे रुग्ण आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांशी पर्वणीच्या तारखा दाखवून आधीच बोलून घ्यावे.

आपल्या सभेची नोटीस निघाली की जिना आणि टाकी हे दोन विषय लेखी द्या. लिफ्टचा विषय वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी काढला तर खर्चाची चर्चा लांबत नाही.